उजवा दंड

अक्का गेली त्या वर्षी आमच्या घरात आमटीला मीठ नसलं तरी कोणी बोलायचं नाही. पुढं किराणा दुकान, मागं घर आणि मधे एक अंधारा बोळ, अशी आमची धारूरच्या बाजारातली जागा. सकाळी आप्पा दुकानाच्या फळ्या एकेक करून काढायचे, त्यांचा खडखडाट व्हायचा. मग कपाळाला भस्म, इष्टलिंगाची पूजा आणि त्यानंतर तराजू कडीला अडकवल्याचा आवाज. मागं आई भाकरी थापत असायची. हे आवाज पूर्वीही होते, पण पूर्वी त्या सगळ्यांवरून आईचं बोलणं चालू असायचं. ती चुलीशी बोलायची, उतू जाणाऱ्या दुधाला रागवायची, दारातल्या मांजराला तर शेजारणीची सगळी हकिकत सांगायची. अक्का माझी थोरली बहीण, तिला परळीला दिलेलं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं यायची होती, म्हणून आप्पांनी डिंक आणि चांगली खारीक दुकानातून बाजूला काढून ठेवली होती. सातव्या महिन्यातच निरोप आला. बाळही गेलं. परळीहून परत आल्यावर आईनं हातपाय धुतले, तवा ठेवला, भाकऱ्या केल्या. त्यानंतर तिचं बोलणं "जेवा", "पाणी घे", "दार लाव" एवढ्यावर आलं. येसराची आमटी, शेंगांची चटणी, भाकरी, सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण कधी मीठ विसरलेलं, कधी तिखट दुप्पट. आप्पा मान खाली घालून खायचे. मीही खायचो.

मी रडलो नाही. भेटायला येणारी माणसं आप्पांना म्हणायची, "पोरगं लई धीराचं हाय." आप्पा नुसती मान हलवायचे. मला स्वतःला त्यात धीर वगैरे काही दिसत नव्हता. अक्काच्या नावाची वही समोर आली तरी मला काही व्हायचं नाही, तिच्या मैत्रिणी दारात उभ्या राहून रडायला लागल्या तरी काही व्हायचं नाही. फक्त घरात बसवत नसे. दुपारच्या वेळी आई भिंतीला टेकून बसायची, आप्पा दुकानात गिऱ्हाईक नसताना पेपरचे चौकोन फाडून पुड्यांसाठी रचत राहायचे, आणि त्या कागद फाटण्याच्या आवाजात मला श्वास पुरत नसे. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो. पुढं जे घडलं त्याचं मूळ या बाहेर पडण्यात आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

मी अकरावीला गेलो तेव्हा आमच्या कॉलेजात खेळाचे नवे शिक्षक आले, जाधवर सर. मूळचे तालमीतले, कुस्ती खेळलेले, मान आणि खांदा यांत फरक दिसू नये असं अंग. त्या दिवसांत गावात रोज काहीतरी नवीन येत होतं. आमच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, बसस्टँडसमोर एसटीडीचा पिवळा डबा आला होता, पाटलांच्या गच्चीवर टीव्हीची मोठी छत्री बसली होती. सरांनी बेसबॉल आणला. पुण्याला कुठल्याशा शिबिरात ते तो शिकून आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवून सरळ सांगितलं, "पोरांहो, कबड्डीला जिल्ह्यात गावागणिक टीम हाय. तिथं तुमी घासून मरताल. ह्या खेळाला अजून कुणी न्हाई. हितं अंग कमवलं तर तुमी सरळ राज्यावर जाताल. खेळाचं सर्टिफिकेट असलं की पोलिसात, रेल्वेत कुठंबी दार उघडतं." खेळ आम्हाला नीट समजायला महिना गेला. गावातले लोक ग्राउंडच्या कडेला उभे राहून विचारायचे, "हा कसला रे इंग्रजी विटीदांडू?"

सरांचा सगळा भर अंग कमवण्यावर होता. सामान काहीच नव्हतं, ते त्यांनी तयार केलं. तेलाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून मधे लोखंडी गज रोवला, ते आमचं वजन. ट्रॅक्टरचा जुना टायर आणला आणि लोहाराकडून एक घण. त्या टायरवर डावीकडून पन्नास आणि उजवीकडून पन्नास घाव घालायचे, कमरेत जोर यावा म्हणून. सायकलच्या ट्यूबा फाडून त्यांच्या पट्ट्या लिंबाच्या झाडाला बांधल्या, त्या खांद्यासाठी ओढायच्या. आठवड्यातून तीनदा किल्ल्यावर पळत जायचं, आणि चढाला एकानं दुसऱ्याला पाठीवर घ्यायचं. दंड आणि बैठका तर रोजच्याच, त्या सर आमच्याबरोबर स्वतः काढायचे. किल्ल्याच्या बाजूला सीताफळीची झुडपं होती, दिवाळीआधी ती फळांनी लगडलेली असत, पण सर हात लावू द्यायचे नाहीत. "आधी घाम, मंग फळ," म्हणायचे. मला हे सगळं आवडलं असं म्हणता येणार नाही. पण घण मारताना दुसरं काही डोक्यात येत नसे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पाठ टेकली की झोप यायची. तेवढं मला पुरेसं होतं.

मी कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा, झालो, कारण उकिडवं बसून राहायची मला सवय होती. दुकानात पोत्यांच्या मधे बसूनच मी मोठा झालो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला बबन. बबन घाटाखालच्या एका वस्तीवरचा. त्याचे आईवडील दसरा झाला की उसाच्या तोडीला कोल्हापूरकडं जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, म्हणून तो गावातल्या वसतिगृहात राहून शिकत होता. दिसायला काडी. पण लहानपणापासून गोफण फिरवून पाखरं हाकललेली, त्यामुळे हातातून वस्तू सुटते कशी हे त्याला शिकवावं लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं टाकलेला चेंडू माझ्या ग्लव्जमध्ये इतक्या जोरात आला की मी मागे बसलो. सरांनी जवळ जाऊन बबनचा उजवा दंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, बाजारात बैल बघतात तसा. त्या दिवसापासून सरांचं लक्ष त्या दंडावर होतं. बबनसाठी सर घरून येताना स्वतः अंडी उकडून आणायचे. मला अंडी चालत नसत, लिंगायताच्या घरात तो विषयच नव्हता. मी भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे खायचो.

रविवारी मी बबनला घरी जेवायला घेऊन यायला लागलो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आमटीचा घोट घेतला आणि आईकडं बघून म्हणाला, "मावशी, मीठ टाकायचं राह्यलं बगा." मी आणि आप्पा दोघंही थिजलो. आई उठली, बरणीतून मीठ आणलं, त्याच्या वाटीत टाकलं आणि बोटानं ढवळलं. मग माझ्या आणि आप्पांच्या वाटीत टाकलं. "कवापासून असं करायले मी?" तिनं विचारलं. आप्पा म्हणाले, "झालं की थोडे दिवस." बबन म्हणाला, "आमच्या हॉस्टेलात तर डाळीत नुसतं पाणीच आसतंय मावशी, मीठ तरी टाकायला आठवतंय कुणाला?" आणि आईच्या तोंडावर काहीतरी हललं. पुढच्या रविवारी तिनं धपाटे केले, वर दही. बबन आला की ती त्याला विचारायची, तुझी माय काय करते, तिकडं उसात झोपता कुठं, पाणी कुठून आणता. तो सांगत राहायचा. तो गेला की पुन्हा घर गप्प. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही. मला तेव्हा सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते काम बबननं केलेलं बरं वाटायचं.

सरांनी पुण्याहून एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या होत्या. बेसबॉलवाल्यांनी ताकद कशी वाढवायची, त्याचं पुस्तक. चित्रांत गोरी पोरं, पांढऱ्या विजारी, चकचकीत लोखंड. सरांना इंग्रजी येत नव्हतं आणि हे त्यांनी लपवलं नाही. "शिवा, तुजं इंग्रजी बरं हाय म्हणत्यात. हे मराठीत लिव. शंभर पानी वहीत, सुटं सुटं." माझं इंग्रजी बरं होतं ते अक्कामुळं. तिची डिक्शनरी घेऊन मी रोज दुपारी कॉलेजच्या वाचनालयात बसायचो. त्यात पुष्कळ उपयोगी होतं. बोटांची पकड वाढवायला तांदळानं भरलेल्या बादलीत हात खुपसून मुठी आवळाव्यात, असं एके ठिकाणी होतं. तांदूळ आम्हाला महाग, म्हणून बबन आणि मी दुकानातल्या ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मुठी वळायचो, आणि आप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "चालूद्या, त्यांचं शिक्षण चालू हाय."

शेवटाकडं एक प्रकरण होतं, छोटंसंच, चित्र नसलेलं. ते विश्रांतीवर होतं. ज्या दिवशी जोरात पिचिंग केलं त्यानंतर हाताला काही दिवस सुट्टी द्यावी. पोराचं वय वाढीचं असेल तर चेंडू मोजून टाकावेत. आणि दंडात किंवा खांद्यात दुखायला लागलं तर फेकणं त्याच दिवशी थांबवावं, कितीही ताकद असली तरी; कारण ताकद वाढते तेवढ्या लवकर हाड तयार होत नाही. मी हे सगळं समजून घेतलं. अडलेले शब्द डिक्शनरीत पाहिले. पेन हातात घेतलं. आणि माझ्या मनात आलं की बबन चार-चार दिवस थांबला तर मी काय करायचं? पिचर नसेल तर कॅचरला ग्राउंडवर काम नाही. मला दुपारी घरी बसावं लागेल. एवढंच मनात आलं, यापेक्षा मोठं काही नाही. मी ते प्रकरण सोडून पुढच्या, जेवणाच्या प्रकरणावर गेलो. वही दिली तेव्हा सरांनी विचारलं, "समदं आलं का ह्यात?" मी म्हणालो, "समदं आलं, सर." त्यांनी वहीला हळद-कुंकू लावून ती कपाटात ठेवली.

आता मी स्वतः शाळेत खेळाचा शिक्षक आहे, पन्नाशी नुकतीच ओलांडली. माझी पोरं चेंडू टाकतात तेव्हा मी खडूनं फळ्यावर रेघा ओढत बसतो, आणि ठरलेली रेघ आली की थांबवतो. पोरं कुरकुरतात. सोबतचे शिक्षक म्हणतात, "गुरुजी, लई घाबरता बुवा तुमी." मी हसून सोडून देतो. यामागचं कारण मी शाळेत कोणाला सांगितलेलं नाही.

विभागाच्या निवडीला महिना उरला तेव्हा सरांनी सराव दोन वेळचा केला. सकाळी वजन आणि घण, संध्याकाळी पिचिंग. बबन दोन्ही वेळा टाकायचा. एका सकाळी वसतिगृहाच्या नळावर तो आंघोळ करत होता, मी कठड्यावर बसून वाट बघत होतो. त्यानं तांब्या डोक्यावर न्यायला हात उचलला आणि मधेच थांबला. मग डाव्या हातात तांब्या घेतला.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"दंडात ठणकायलंय. आतून, हाडातून. रात्री कूस बदलली की जास्त."

"कवापासून?"

"आठ दिस झाले आसतील. सरला सांगू का?"

मला ते सोडलेलं प्रकरण आठवलं. अगदी त्या पानाचा आकार, खालच्या कोपऱ्यात झेरॉक्सचा काळा डाग, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "जखडलं आसंल. रबर ओढ थोडं, मोकळं व्हतंय." त्यानं डोकं पुसलं आणि "बरं," म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं मोहरीचं तेल चोळून पिचिंग केलं. मी चेंडू झेलत राहिलो.

औरंगाबादला आम्ही एसटीनं गेलो. आईनं सगळ्यांना पुरतील इतके धपाटे बांधून दिले होते आणि एक डबा वेगळा, तो बबनचा. मोठं ग्राउंड, खरी चुन्यानं आखलेली रेघ, समोर परभणीची पोरं. त्यातली काही जण चेंडू लागू नये म्हणून मी छातीवर बांधलेली क्रिकेटची पॅडं बघून हसली. बबननं पहिले तीन जण असे बाद केले की हसणं बंद झालं. निवड करणारे दोघं खुर्च्या घेऊन माझ्या मागं येऊन बसले, त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "हे पोरगं कुठलं?" मला ऐकू आलं. सरांनाही आलं असावं. ते कडेला हाताची घडी घालून उभे होते, आणि त्यांची मान नेहमीपेक्षा ताठ होती.

चौथ्या डावातला तो चेंडू. बबननं पाय उचलला, हात मागं नेला. हात पुढं येताना आवाज झाला. ओलं लाकूड गुडघ्यावर मोडल्यावर होतो तसा, आणि तो सगळ्या ग्राउंडवर ऐकू गेला. चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही, मधेच पडून घरंगळत बाजूला गेला. बबन तिथंच उभा होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता आणि दंडात, जिथं कोपर नसतं तिथं, कोपरासारखा वाकला होता. मी धावत गेलो, सर्वांत जवळ मीच होतो. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "शिवा, चेंडू कुठं गेला?" मग खाली बसला.

सरांनी त्याला कडेवर उचललं, लहान पोराला उचलावं तसं, आणि रिक्षाकडं पळत सुटले. पंचांनी विचारलं, खेळणार का? आमच्यातला दुसरा एक पोरगा पिचिंगला आला आणि खेळ पुढं सुरू झाला. मी परत जाऊन बसलो आणि झेलायला लागलो. आम्ही हरलो, पण मी चांगला खेळलो. मला माहीत होतं की मी चांगला खेळतोय. दुपारी जेवायला पुरी-भाजी होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. हे सांगायला अवघड जातं, पण भाजी चांगली झाली होती आणि मला भूक होती. संध्याकाळी नावं वाचली, राज्याच्या सामन्यांसाठी विभागाच्या संघात कॅचर म्हणून माझं नाव होतं. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. थापा पडतायत एवढं मला कळत होतं.

दंडाचं हाड मोडलं होतं आणि त्याला लागून जाणारी शीर दुखावली होती. डॉक्टरांनी सरांना सांगितलं की हाड जुळेल, पण मनगट वर उचलता येईल की नाही हे चार-सहा महिन्यांनी कळेल. सरकारी दवाखान्यात मी त्याला भेटलो. प्लास्टरमधून बाहेर आलेला पंजा खाली पडलेला होता, तो उचलायला गेला तरी उठत नव्हता. सर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "माजंच चुकलं. पोराच्या अंगाला म्या तालमीचा हिशेब लावला. पुस्तकात कुठं असतं तर आपल्याला दिसलं असतं. तू तर समदं लिवलंवतं." मी उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. बाहेर गेल्यावरही मी सांगू शकलो असतो. पुढं सर धारूरला सहा वर्षं होते, तेव्हाही. सांगितलं नाही. सर मागच्या साली गेले.

घरी आईनं विचारलं, "बबन्या कुठंय?" मी सांगितलं, हात मोडला. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी बबनला वसतिगृहात आणलं तेव्हा ती डबा घेऊन स्वतः गेली. परळीहून परत आल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बाजारातून जाताना लोक बघत होते. ती कॉटच्या कडेला बसली, भाकरी आमटीत कुस्करली आणि त्याला घास भरवायला लागली. तो म्हणाला, "मावशी, डाव्या हातानं खातो की मी." ती म्हणाली, "गप खा." चौथ्या-पाचव्या घासाला तिला रडू फुटलं, मोठ्यानं, वसतिगृहातली पोरं दारात गोळा झाली. ती अक्काचं नाव घेत होती. बबन डाव्या हातानं तिच्या गुडघ्यावर थोपटत होता. मी दारात उभा राहून डब्याचं झाकण धरून होतो.

उजव्या हातानं लिहिता येत नव्हतं, सहामाही परीक्षा जवळ. त्याचे आईवडील तोडीला निघाले तेव्हा बबन प्लास्टरसकट त्यांच्याबरोबर गेला. "हितं बसून काय करू," म्हणाला. मी त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेलो नाही.

राज्याचे सामने कोल्हापूरच्या बाजूला होते. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी माझ्या हातात पुडीच्या कागदाचा एक तुकडा दिला. त्यावर कारखान्याचं नाव आणि शेजारच्या गावाचं नाव होतं. बबनच्या वस्तीवरचा एकजण दुकानात आला होता, त्याला विचारून त्यांनी ते लिहून घेतलं होतं. "भेटून ये," एवढंच म्हणाले. मी तीन सामने खेळलो. चौथ्या दिवशी मोकळा वेळ होता, मी विचारत विचारत गेलो. तोडीवाल्यांच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची रांग, चिपाडाची पालं, बैल, धूर. तोडणी चालू असलेला उसाचा फड जवळच होता. बबन डोक्याला टॉवेल गुंडाळून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होता, दोराचं एक टोक दातात आणि दुसरं डाव्या हातात. प्लास्टर काढलं होतं. उजवा दंड इतका बारीक झाला होता की शर्टाची बाही त्याच्यावर लोंबत होती.

"कावून आलास बे एवढ्या लांब?" तो हसून म्हणाला.

मी प्रवासभर जुळवलेलं बोलणं एका दमात सांगून टाकलं. पुस्तकात ते होतं. मी वाचलं होतं. मी लिहिलं नाही. नळावर तू विचारलंस तेव्हा मला ते आठवलं होतं, तरी रबर ओढ म्हणालो. घरी बसायला नको म्हणून.

त्यानं तोंडातला दोर काढला.

"मंग आता कावून सांगायलास?"

मी त्याच्या तोंडातून सुटलेलं दोराचं टोक धरलं.

"दुखत व्हतं ते मला म्हाईत व्हतं की," तो म्हणाला. "हात माजा हाय. पुस्तक कशाला पायजे त्याला?" मग दोर आवळत म्हणाला, "पर तू सांगितलं आसतं तर म्या सरला इचारलं आसतं. तेवढं खरं."

त्याच्या आईनं फडातून हाक मारली, ट्रॅक्टर भरायचा होता. तो उठला. "ये, मोळ्या उचलू लाग. येवढं अंग कमवलंय."

मी मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढायला लागलो. फळी खालीवर होत होती. सिमेंटची वजनं उचलणारे, किल्ला पळत चढणारे माझे पाय तिथं लटपटले. मागून बबनची आई माझ्याएवढीच मोळी घेऊन येत होती, माझ्या निम्म्या वजनाची बाई. "दादा, मान ताठ ठिवा, खाली बगू नका," ती म्हणाली आणि थांबून राहिली. मी चढलो. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. पाचटानं मान आणि हात कापत होते. दुपार टळेपर्यंत ट्रॉली भरली. मग तिनं भाकरी आणि ठेचा दिला, आम्ही तिघं बांधावर बसून जेवलो. बबन डाव्या हातानं जेवत होता आणि त्याकडं आता कोणी बघतही नव्हतं.

मी निघालो तेव्हा त्यानं उजवा हात पुढं केला. मनगट थरथरलं आणि दोन बोटं वर उठलं. "बग, येवढं यायलंय आता. डॉक्टर म्हणलाय, आणखी येईल." मग त्यानं पंजा माझ्यासमोर आडवा धरला आणि अंगठ्याच्या मागची जागा डाव्या बोटानं दाखवली. "हितं मात्र कळत न्हाई. चिमटा काढ."

मी काढला.

"काढलास?"

"काढला."

"जोरात काढ बे. लाजू नको." त्यानं तोंड फिरवून डोळे मिटले.

मी नखं रुतवून काढला. तो तसाच उभा होता, कपाळावर आठी नाही, वाट बघत असल्यासारखा. "काढ की," तो म्हणाला.

मुकादमानं शिट्टी मारली. बबननं डोळे उघडले, टॉवेल नीट गुंडाळला, "येतो, मावशीला सांग," म्हणाला आणि फडाकडं वळला. त्याच्या अंगठ्यामागं माझ्या नखांच्या दोन लाल खुणा उमटल्या होत्या आणि एकीतून रक्ताचा बारीक थेंब वर आला होता. तो त्याच्या लक्षात आला नाही. हात झुलवत तो उसात शिरला.